जिथे जास्त माणसं दगावतात, ते हॉस्पिटल वाईट असतं का?

"सरकारीत नको नेऊस रे त्याला. तिथे गेलेलं माणूस परत येत नाही."

बाइकवरून पडलेल्या माझ्या मावसभावाला ॲम्ब्युलन्समधून नेत होतो, तेव्हा काकांनी फोनवर हे सांगितलं. काका उगाच बोलत नव्हते. त्यांच्या ओळखीतले दोघं त्या हॉस्पिटलात गेले होते आणि दोघंही दगावले होते. आम्ही त्यांचं ऐकलं आणि वाटेतल्या एका खासगी हॉस्पिटलात शिरलो. डिपॉझिट भरलं, सलाइन लागलं, सीटी स्कॅन झाला. दीड तासाने सांगण्यात आलं की मेंदूत रक्तस्राव आहे, आमच्याकडे न्यूरोसर्जन नाहीत, पेशंट हलवा. मग हलवला तो त्याच सरकारी हॉस्पिटलात. तो वाचला. मांडीत रॉड आहे, आणि अजूनही त्याला फोडणीचा वास येत नाही. डोक्याला जोराचा मार बसला की वासाच्या नाजूक नसा तुटू शकतात, हे मला तेव्हा कळलं.

मी डॉक्टर नाही, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. काकांचं ते वाक्य मात्र डोक्यात घर करून बसलं. ते ऐकायला भीतीचं वाटतं, पण त्याच्या पोटात माझ्या विषयातला एक खरा, अवघड प्रश्न आहे. जबर जखमी झालेल्या माणसासाठी कोणतं हॉस्पिटल चांगलं, हे ठरवायचं कसं? तिथे किती माणसं मरतात ते मोजून?

आधी एक हिशेब करू. आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत. एका शहरात दोन हॉस्पिटलं आहेत, एक मोठं सरकारी आणि एक खासगी. दोन्हीकडे वर्षाला अपघाताचे ३०० पेशंट भरती होतात. सरकारीत ६२ दगावतात, म्हणजे शंभरात जवळपास २१. खासगीत २१ दगावतात, म्हणजे शंभरात ७. एवढंच सांगितलं तर कुणीही खासगीकडे धावेल.

आता पेशंट कसे होते ते बघा. सरकारीत २०० जण जबर जखमी होते, त्यातले ६० गेले, म्हणजे शंभरात ३०. उरलेले १०० मध्यम जखमी, त्यातले २ गेले. खासगीत जबर जखमी फक्त ३०, त्यातले १२ गेले, म्हणजे शंभरात ४०. मध्यम जखमी २७०, त्यातले ९ गेले, म्हणजे शंभरात तीनाहून जास्त. जबर जखमी असोत की मध्यम, दोन्ही गटांत सरकारी हॉस्पिटलच जास्त माणसं वाचवतंय. तरी एकूण बेरजेत ते तिप्पट वाईट दिसतं. बेरीज चुकलेली नाही, पण तिने दोन वेगळ्या प्रकारची माणसं एका पोत्यात भरली.

वर्गात हे उदाहरण फळ्यावर मांडलं की पोरं दोनदा गुणाकार तपासतात. काका जे सांगत होते ते याच बेरजेतून आलेलं होतं. ज्यांची आशा कमी, त्यांनाच त्या हॉस्पिटलात पाठवलं जातं. मग तिथे मृत्यू जास्त होणारच.

दोन परगण्यांची गोष्ट

या विषयातला सगळ्यात गाजलेला अभ्यास १९७९ सालचा आहे, कॅलिफोर्नियातला. वेस्ट, ट्रंकी आणि लिम या तिघांनी दोन परगण्यांमधले वाहन-अपघातातले मृत्यू शेजारी शेजारी ठेवले. एक सॅन फ्रान्सिस्को आणि दुसरा ऑरेंज काउंटी, म्हणजे डिस्नीलँड आहे तो सधन उपनगरी भाग. सॅन फ्रान्सिस्कोत अपघाताचा पेशंट थेट एकाच ठिकाणी जायचा, तिथल्या सार्वजनिक हॉस्पिटलात, जिथे जखमींसाठी चोवीस तास तयार असलेली तुकडी होती. ऑरेंज काउंटीत ॲम्ब्युलन्स जवळ जे हॉस्पिटल असेल तिथे न्यायची. तिथे हॉस्पिटलं भरपूर होती, चकचकीतही होती, पण रात्री दोन वाजता सर्जन हजर असेलच असं नव्हतं.

दोन्हीकडचे मिळून १८२ मृत्यू त्यांनी तपासले. हे सगळे हॉस्पिटलात पोचल्यानंतर गेलेले होते. प्रश्न एकच होता, हा माणूस वाचू शकला असता का? सॅन फ्रान्सिस्कोत असा एकच मृत्यू निघाला. ऑरेंज काउंटीत मेंदूला मार नसलेल्यांचे सुमारे दोन तृतीयांश मृत्यू आणि मेंदूला मार बसलेल्यांचे सुमारे एक तृतीयांश मृत्यू टाळता आले असते, असं त्यांचं मत पडलं. त्यातही ऑरेंज काउंटीत गेलेली माणसं सरासरीने तरुण होती आणि त्यांच्या जखमाही तुलनेने कमी होत्या. त्यातली बरीच पोटात रक्तस्राव होऊन गेली, आणि तो थांबवायला कुणी त्यांना वेळेत टेबलावर घेतलं नाही.

या अभ्यासाबद्दल मला आदर आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी खटकतात आणि त्या सांगायलाच हव्यात. 'टाळता आला असता' हा निकाल शेवटी माणसांनी कागद वाचून दिलेला असतो, आणि दोन तज्ज्ञ एकाच कागदावरून वेगळं मत देऊ शकतात. दुसरं म्हणजे डोनाल्ड ट्रंकी स्वतः सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच हॉस्पिटलातले सर्जन होते. त्यांच्या सचोटीवर मला शंका नाही, तरी आपल्याच घरचा निकाल आपण द्यायचा म्हटला की मोजपट्टी आणखी कडक हवी. ऑरेंज काउंटीने मात्र तो निकाल मनावर घेतला. १९८० मध्ये तिथे मोजकी हॉस्पिटलं ट्रॉमा सेंटर, म्हणजे जबर जखमींसाठी कायम तयार असणारी हॉस्पिटलं म्हणून नेमली, जबर जखमी तिकडेच न्यायचे ठरलं, आणि नंतरच्या तपासणीत टाळता येण्याजोगे मृत्यू पुष्कळ कमी झालेले दिसले.

जखमेला मार्क द्यायचे कसे

तुलना न्याय्य व्हायची तर आधी 'किती जखमी' हे आकड्यात सांगता आलं पाहिजे. हे काम सुझन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये बाल्टिमोरमधल्या दोन हजारांहून जास्त जखमींच्या नोंदींवरून केलं. त्यातून निघाला इंज्युरी सिव्हिरिटी स्कोअर. डॉक्टर मंडळी त्याला आयएसएस म्हणतात. तो कसा काढतात ते माझ्या मावसभावाच्या जखमांसारखंच उदाहरण घेऊन सांगतो.

शरीराचे सहा भाग धरायचे: डोकं-मान, चेहरा, छाती, पोट, हातपाय आणि कंबरेचं हाड, आणि वरची त्वचा. प्रत्येक जखमेला १ ते ६ मार्क. १ म्हणजे खरचटणं, ५ म्हणजे जगणं-मरणं अनिश्चित, ६ म्हणजे जवळपास हाताबाहेर. आता डोक्यातला रक्तस्राव ४ धरा, छातीच्या मोडलेल्या बरगड्या ३, मांडीचं मोडलेलं हाड ३, गालावरचं खरचटणं १. सर्वांत जास्त मार्क असलेले तीन भाग घ्यायचे, प्रत्येकाचा वर्ग करायचा आणि बेरीज करायची. सोळा अधिक नऊ अधिक नऊ, म्हणजे ३४. गालाचं खरचटणं हिशेबात येतच नाही. जास्तीत जास्त ७५ होतात, आणि कुठल्याही एका जखमेला ६ मिळाले तर सरळ ७५ धरतात. १५ च्या वर गेलं की जबर जखमी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

वर्ग का करायचा? कारण ४ मार्कांची जखम २ मार्कांच्या जखमेच्या दुप्पट धोक्याची नसते, कितीतरी पटींनी जास्त धोक्याची असते. नुसत्या बेरजेत ते दिसत नाही, वर्ग केल्यावर दिसतं. साधी युक्ती आहे, पण तिने या क्षेत्राला पहिल्यांदा एक समान भाषा मिळाली.

तिच्यात त्रुटीही आहेत. दोन्ही मांड्या मोडल्या तरी एकाच भागाची सगळ्यात मोठी जखम धरायची, त्यामुळे आयएसएस ९ च राहतो. ही उणीव भरायला १९९७ मध्ये नवा प्रकार आला, त्यात भाग न बघता सर्वांत वाईट तीन जखमा घेतात. दुसरी त्रुटी जास्त खोल आहे. हे मार्क जखम सापडल्यावरच देता येतात. ज्या हॉस्पिटलात सीटी स्कॅनची सोय आहे, तिथे प्लीहा या पोटातल्या अवयवातली चीर सापडते आणि स्कोअर वाढतो. जिथे ती सोय नाही, तिथे तोच माणूस कागदावर 'थोडा जखमी' राहतो आणि दगावतो. म्हणजे तपासणी चांगली असेल तर पेशंट कागदावर जास्त गंभीर दिसतात, आणि तेवढ्या गंभीर पेशंटांना वाचवल्याचं श्रेय मिळतं. मोजपट्टीच हॉस्पिटलागणिक थोडी लांब-आखूड होते.

म्हणून जखमेच्या मार्कांबरोबर शरीराची अवस्थाही धरतात. पेशंट आला तेव्हा वरचा रक्तदाब किती होता, मिनिटाला श्वास किती होते, शुद्ध किती होती. शुद्धीसाठी ग्लासगो कोमा स्केल आहे, डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल मिळून ३ ते १५ मार्क. जखमा, ही अवस्था आणि वय एकत्र करून अशा पेशंटची वाचण्याची शक्यता किती, याचा अंदाज काढायची पद्धत १९८७ मध्ये आली. तिला ट्रिस म्हणतात. हॉस्पिटलातल्या सगळ्यांचे असे अंदाज जोडले की किती माणसं वाचायला हवी होती ते कळतं. प्रत्यक्षात त्याहून जास्त वाचली तर हॉस्पिटल चांगलं काम करतंय. काकांना मी हेच सांगायला हवं होतं: किती गेले ते विचारू नका, किती जायला हवे होते आणि त्यातले किती राखले ते विचारा.

नाणेफेक करता येत नाही तेव्हा

औषध चांगलं की वाईट हे ठरवायचं असेल तर आपण पेशंटांना चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटतो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्तस्राव आटोक्यात ठेवणाऱ्या स्वस्त औषधाची परीक्षा अशीच झाली. ४० देशांतले २०,२११ जखमी, भारतातलेही पुष्कळ. २०१० मध्ये निकाल आला: नुसतं सलाइन मिळालेल्यांत शंभरात १६ गेले, औषध मिळालेल्यांत साडेचौदा. पण रस्त्यावर रक्तबंबाळ पडलेल्या माणसाला 'तुझी चिठ्ठी छोट्या हॉस्पिटलची निघाली' असं सांगता येत नाही. हॉस्पिटलांची तुलना करताना जे आपसूक घडलं त्याच नोंदी घ्याव्या लागतात आणि गणिताने दोन्ही पारडी सारखी करावी लागतात.

हे सगळ्यात नेटाने केलं ते एलेन मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी. त्यांचा अभ्यास २००६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. अमेरिकेच्या १४ राज्यांतली १८ पहिल्या दर्जाची ट्रॉमा सेंटरं आणि ५१ साधी हॉस्पिटलं. 'साधी' म्हणजे खेड्यातली नव्हेत. जबर जखमी नेहमी येतात अशीच मोठी हॉस्पिटलं निवडली होती, फक्त त्यांना ट्रॉमा सेंटरचा दर्जा नव्हता. आल्यावर ज्यांच्यात जीवच नव्हता आणि अर्ध्या तासात ज्यांना मृत घोषित केलं, त्यांना वगळलं, कारण त्यांच्या बाबतीत कुठल्याच हॉस्पिटलच्या हातात काही नव्हतं.

मग पारडी सारखी करण्याचं काम. कल्पना अशी की ट्रॉमा सेंटरमध्ये गेलेला एक पंचवीस वर्षांचा, डोक्याला मार लागलेला, रक्तदाब पडलेला मुलगा घ्या. साध्या हॉस्पिटलात त्याच्यासारखे किती आहेत ते बघा. कमी असतील तर त्या थोड्यांना जास्त वजन द्या. असं वय, जखमा, रक्तदाब, आधीचे आजार, विमा अशा अनेक गोष्टींसाठी करत गेलं की शेवटी दोन्हीकडे एकसारखी माणसं गेली असती तर काय झालं असतं, याचा अंदाज येतो.

निकाल असा: हॉस्पिटलात असतानाचे मृत्यू ट्रॉमा सेंटरमध्ये शंभरात ७.६, साध्या हॉस्पिटलात ९.५. एका वर्षात झालेले मृत्यू १०.४ आणि १३.८. पहिल्या आकड्यावरून बातमीवाले म्हणतील 'धोका २० टक्क्यांनी कमी', आणि ते बरोबरच आहे. मला मात्र दुसरी मांडणी जास्त प्रामाणिक वाटते: हॉस्पिटल बदललं तर शंभर जखमींमागे सुमारे दोन माणसं जास्त घरी जातात, आणि वर्षभराने बघितलं तर साडेतीनच्या जवळ. म्हणजे बहुतेक जण कुठेही नेलं तरी वाचले असते, आणि काही जण कुठेही नेलं तरी वाचले नसते. हॉस्पिटलच्या निवडीने ज्यांचं आयुष्य ठरतं ती मधली थोडी माणसं. ती कोण, हे ॲम्ब्युलन्समध्ये बसलेल्याला सांगता येत नाही.

फायदा सगळ्यांना सारखा नव्हता. जखमा जितक्या जास्त तितका फरक मोठा, आणि तरुणांमध्ये स्पष्ट. पंचावन्नच्या पुढच्या लोकांत फरक फारसा दिसला नाही. याचं कारण एकच नसणार. म्हातारपणी हृदय, मूत्रपिंडं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांचंही त्यात वजन असतं. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण पडून जखमी होणाऱ्यांत त्यांचा वाटा वाढतोय.

आणि वर्षभराचा आकडा का? घरी गेलेला माणूस हॉस्पिटलच्या खात्यात 'वाचला' असाच राहतो. त्याला पंधरा दिवसांनी जंतुसंसर्ग झाला, तो गेला, तरी हॉस्पिटलला पत्ता नसतो. वर्षभर मागे राहून फोन करून विचारणं खर्चिक आणि किचकट असतं. त्यांनी ते केलं, म्हणून मला या अभ्यासावर जास्त विश्वास ठेवावासा वाटतो.

मोजणीतून निसटणारी माणसं

आपल्याकडे या मोजणीतून माणसं निसटायच्या वाटा अनेक आहेत, आणि त्या कॅज्युअल्टीत तासभर बसलात तरी दिसतात.

पहिली वाट म्हणजे 'डामा'. सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. पैसे संपले, किंवा डॉक्टरांनी आशा सोडली, किंवा 'शेवटचा श्वास घरी घेऊ दे' असं आजीने म्हटलं, की नातेवाईक फॉर्मवर सही करतात आणि पेशंटला घेऊन जातात. रजिस्टरमध्ये डिस्चार्ज लिहिलं जातं. माणूस वाटेतच जातो. हॉस्पिटलच्या मृत्यूंच्या खात्यात तो नाही. ज्या हॉस्पिटलात बिल मोठं, तिथे डामा जास्त, आणि तिथलं मृत्यूचं प्रमाण त्यामुळे आपोआप सुंदर.

दुसरी वाट म्हणजे रेफर. मावसभावाला ज्या हॉस्पिटलाने दीड तास ठेवून पुढे पाठवलं, तिथे त्याचा निकाल 'रेफर' असा लागला. तो वाचला नसता तर तो मृत्यू सरकारी हॉस्पिटलच्या नावे जमा झाला असता. गेलेला दीड तास मात्र कुठेच जमा झाला नसता. उलटंही घडतं. पहिल्या हॉस्पिटलातच जो दगावतो, तो रेफर होत नाही. जे पुढे पोचतात ते आधीच थोडे तग धरणारे असतात. म्हणून 'रेफर झालेल्यांचे निकाल तर चांगलेच आहेत' असं कुणी म्हणालं तर विचारावं, रेफर व्हायच्या आधी किती गेले?

तिसरी वाट रस्त्यावरच. ॲम्ब्युलन्स वेगाने आली तर धुगधुगी असलेली माणसं हॉस्पिटलात पोचतात आणि तिथे मरतात. ॲम्ब्युलन्स उशिरा आली तर ती रस्त्यावरच जातात, 'ब्रॉट डेड' म्हणून नोंद होते, आणि हॉस्पिटलचं प्रमाण चांगलं दिसतं. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ ची सेवा सुरू झाली, ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटरसकट पूर्ण सोय. अशी सेवा नीट चालली तर हॉस्पिटलातले मृत्यू काही काळ वाढलेही असतील, आणि ते चांगलं लक्षण असेल. नुसता हॉस्पिटलचा आकडा बघणाऱ्याला ते उलटं वाटेल.

रेफरच्या बाबतीत एक जुना खटला आठवल्याशिवाय राहवत नाही. एका स्कूटरस्वाराला गाडीने उडवलं. जवळच्या हॉस्पिटलने घेतलं नाही, पोलीस-केस घेण्याची परवानगी असलेल्या दुसऱ्या हॉस्पिटलात जा म्हणून सांगितलं. ते वीस किलोमीटरवर होतं. वाटेत तो गेला. त्यावरूनच परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, कायद्याचे सोपस्कार नंतर. त्या स्कूटरस्वाराचा मृत्यू कोणत्या हॉस्पिटलच्या आकड्यात धरायचा?

मग वाचवतं ते नक्की काय

इमारत नाही, हे ऑरेंज काउंटीने दाखवलं. यंत्रंही एकटी नाहीत. पोटात रक्तस्राव होत असलेल्या माणसाच्या घड्याळाने बघा. चालणाऱ्या ट्रॉमा सेंटरमध्ये तो दारातून आत येतो तेव्हा सर्जन, भूलतज्ज्ञ आणि नर्स आधीच उभे असतात, कारण ॲम्ब्युलन्सने कळवलेलं असतं. दोन मिनिटांत पोटाची सोनोग्राफी होते, पोटात काळं पाणी दिसतं, म्हणजे रक्त. ओ निगेटिव्ह रक्ताची पिशवी तिथल्याच फ्रिजमधून येते. टेबल मोकळं असतं. सर्जन सगळं दुरुस्त करत बसत नाही. रक्त थांबवतो, पोट तात्पुरतं झाकतो, पेशंटला आयसीयूत ऊब देतो आणि दोन दिवसांनी पुन्हा उघडतो. दुसऱ्या हॉस्पिटलात हेच सगळे लोक असतात, पण सर्जनला घरून बोलवावं लागतं, रक्तपेढी तीन किलोमीटरवर असते, नातेवाइकाला चिठ्ठी घेऊन धावावं लागतं.

सवयीचाही भाग आहे. अमेरिकेत पहिल्या दर्जासाठी वर्षाला १,२०० जखमी किंवा आयएसएस १५ च्या वरचे २४० पेशंट भरती व्हावेत अशी अट घातली गेली. रोज जे हात हे काम करतात, ते रात्री तीन वाजताही अडखळत नाहीत. आपल्याकडे हायवेलगत 'ट्रॉमा केअर' असा बोर्ड लागला की काम झालं असं वाटतं. बोर्डामागे सर्जन चोवीस तास आहे का, हे विचारायला हवं.

इंग्लंडने हे देशभर करून बघितलं. २००७ मध्ये तिथल्या एका राष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून कमी जबर जखमींनाच चांगली सेवा मिळाल्याचं दिसलं. मग २०१० मध्ये लंडनमध्ये आणि २०१२ मध्ये उरलेल्या इंग्लंडमध्ये जाळं उभारलं. जबर जखमी असेल तर ॲम्ब्युलन्सने जवळची छोटी हॉस्पिटलं ओलांडून ४५ मिनिटांच्या आतल्या मोठ्या ट्रॉमा सेंटरला जायचं. २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात २००८ ते २०१७ या काळात वाचण्याचे 'ऑड्स' १९ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. हे १९ टक्के म्हणजे शंभरात १९ माणसं नव्हेत, याची नोंद घ्या. ऑड्स म्हणजे वाचलेले भागिले गेलेले. समजा आधी ९० वाचत आणि १० जात, तर ऑड्स ९. ते १९ टक्क्यांनी वाढून १०.७ झाले, तर वाचणारे ९० चे साधारण साडेएक्याण्णव होतात. दीड माणूस ऐकायला कमी वाटतं, पण देशभराच्या जखमींवर ते मोजा.

आणि धीर धरावा लागतो. अमेरिकेतल्या राज्यांचा अभ्यास सांगतो की अशी व्यवस्था सुरू झाल्यावर वाहन-अपघातातले मृत्यू घटू लागायला सुमारे दहा वर्षं लागली. पंधरा वर्षांनी घट ८ टक्के दिसली. आपल्याकडे पाच वर्षांत सरकार बदलतं आणि योजनेचं नाव बदलतं.

आपले आकडे

भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली १५ हजारांहून जास्त महाराष्ट्रातली. त्यातली किती हॉस्पिटलात पोचली आणि कशी गेली, याची नीट वही फार कमी ठिकाणी आहे. म्हणून मुंबईचे सर्जन नोभोजित रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ ते २०१५ मध्ये केलेलं काम मला मोलाचं वाटतं. मुंबईतलं केईएम आणि सायनचं लोकमान्य टिळक, दिल्लीतलं एम्सचं ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्यातलं एसएसकेएम अशा चार सरकारी हॉस्पिटलांत त्यांनी सोळा हजारांच्या आसपास जखमींच्या नोंदी ठेवल्या. या प्रकल्पाला टिटको म्हणतात. त्यातून दिसलं की भरती झालेल्यांतला सुमारे पाचातला एक ३० दिवसांच्या आत हॉस्पिटलात दगावतो.

अमेरिकेत शंभरात ७.६ आणि आपल्याकडे शंभरात वीसच्या वर, असं लगेच म्हणावंसं वाटतं. पण काकांनी केलेली चूक तीच होती. या चार हॉस्पिटलांत येणारे पेशंट वेगळे असतात. मोठा वाटा दुसऱ्या हॉस्पिटलातून रेफर होऊन, तासन्‌तास उशिरा आलेला. पारडी सारखी केल्याशिवाय ही तुलना करता येत नाही. आणि पारडी सारखी करायची तर पेशंट आला त्या क्षणाचे आकडे लागतात.

टिटकोत त्यासाठी आठ-आठ तासांच्या पाळ्यांनी नोंदी घेणारी माणसं कॅज्युअल्टीत बसवली होती, कारण केसपेपरवर ते सगळं मिळेल याचा भरवसा नव्हता. हे वाचल्यावर मी मावशीकडून भावाची फाइल मागून आणली. पहिल्या हॉस्पिटलचा केसपेपर उघडला. रक्तदाब लिहिलाय, नाडी लिहिलीय. ग्लासगो कोमा स्केलसमोर नुसतं 'बेशुद्ध'. श्वासाच्या दरासमोर कोरी जागा. श्वास मोजायला यंत्र लागत नाही, घड्याळ समोर धरून छाती किती वेळा वर येते ते अर्धा मिनिट बघायचं असतं. सरकारी हॉस्पिटलच्या कागदावर तो लिहिलेला आहे, निळ्या शाईत, घाईच्या अक्षरात: ३२. तेवढ्या एका आकड्यामुळे तो तिथे कुठल्या अवस्थेत पोचला होता हे मला आज सांगता येतं. त्याआधीच्या दीड तासाबद्दल कागदावर काहीच नाही.